मिरजेची सतार, चाकणची तार

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी ती बातमी अभिमानाने शेअर केली. अभिमान रास्तच आहे. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात त्यांचा तो धंदा बसला, तेव्हा मिरजेच्या फरीदसाहेबांनी वाद्यदुरुस्तीत हात घातला आणि त्यातून सतारमेकरांची घराणी उभी राहिली. त्यांनी बाप-आज्यांच्या तलवारींचे गोडवे गात दिवस काढले नाहीत. हातातलं कसब नव्या कामाला लावलं.

आज त्या सतारीचा भोपळा पंढरपूरकडून येतो, घडण मिरजेची असते, पण नावाजलेल्या तारांचं पोलाद अजूनही जर्मनीतल्या रोस्लाऊचं असतं. ही उच्च कार्बन पोलादाची तार मोठा ताण सोसते, मात्र बोटांच्या घामाने आणि पावसाळी हवेने गंजते. गंज चढला की तारेचं वजन सगळीकडे सारखं राहत नाही, सूर बिघडतो, मींड घेताना बोट अडखळतं आणि जिथे खड्डा पडतो तिथेच तार तुटते.

उपाय सरळ नाही. स्टेनलेस स्टील कमी गंजतं, पण त्याचा नाद वेगळा. लेप जाड दिला तर आवाज दबतो, पातळ दिला तर जवारीवर आणि नखीखाली झिजतो. प्लेटिंग करताना पोलादात हायड्रोजन शिरला तर तार ठिसूळ होते.

मी चाकणला क्वालिटी विभागात काम करतो. प्लेटिंगनंतर स्प्रिंग भट्टीत तापवून हायड्रोजन काढणं, पाच टक्के मिठाच्या पाण्याच्या फवाऱ्यात ३५ अंशांना भागावर किती तासांनी लाल गंज येतो हे पाहणं, ही आमची रोजची कामं. भोसरी-चाकणच्या शॉपफ्लोअरवर आयटीआय, डिप्लोमा केलेली आपली कितीतरी मुलं हेच करतात. पण मिरज म्हणजे आपला वारसा आणि चाकण म्हणजे नुसती नोकरी, अशी आपण वाटणी करून टाकली आहे.

संगीत जायज की नाजायज, यावर व्हॉट्सॲपवर रात्री जागवल्या जातात. त्यातून मिरजेच्या कारागिराला टिकाऊ तार मिळत नाही. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला असलेल्यांनी प्रोजेक्टसाठी हाच विषय घ्यावा. वेगवेगळ्या लेपांचे तुकडे मिठाच्या फवाऱ्यात तपासावेत, टिकतील ते मिरजेला न्यावेत आणि सतारीवर चढवून कारागिराला ऐकवावेत. तो नापास करेल ते पुन्हा करावेत.