ठेका कुणाच्या हाती?

बँड म्हटलं की आपल्या नजरेसमोर येतो तो वरातीतला. लाल कोट, पितळी वाजंत्री आणि नाचणारे नवरदेवाचे मित्र. जॅझमधला ‘बिग बँड’ हा त्याचाच सातासमुद्रापलीकडचा भाऊ म्हणा ना. पंधरा-सतरा वादक; ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोनच्या रांगा, सोबत पियानो, बास आणि ड्रम्स. बहुतेक बँडचा म्होरक्या पुढे उभा असतो. पण काही मोजक्या बँडचा म्होरक्या ड्रम्सच्या मागे बसलेला असे. अशा बँडची श्रोत्यांसमोर, प्रत्यक्ष मैफलीत केलेली रेकॉर्डिंग ऐकली की मला आपल्या कोकणातल्या मुलींच्या वतीने भांडण काढावंसं वाटतं. कुठे जॅझ आणि कुठे दापोली, असं म्हणाल. सांगते.

बडी रिच हा अमेरिकन ड्रमर. १९६६ मध्ये, जेव्हा मोठा बँड पोसणं म्हणजे आतबट्ट्याचा व्यवहार होता, तेव्हा त्याने नवा बँड उभारला आणि हॉलिवूडच्या एका क्लबात लोकांसमोर पहिली रेकॉर्ड केली. तिच्यात ‘वेस्ट साइड स्टोरी’च्या गाण्यांची जवळजवळ दहा मिनिटांची गुंफण आहे. लय बदलते, आवाज कुजबुजीइतका खाली येतो, पुन्हा उसळतो. स्टुडिओत चुकलं तर परत घेता येतं, इथे नाही. सगळ्यांचा फटका एकाच क्षणी पडायचा असतो आणि तो कुठे पडणार, हे आधीच्या एक-दोन मात्रांत ड्रमरच्या हातातून सगळ्यांना कळतं. लग्नघरात पंगत बसली की भात कधी उतरवायचा, वरण कधी सोडायचं हे आतून एकच बाई नुसत्या नजरेने ठरवते ना, तसंच. ती वाढायला पुढे येत नाही, पण पंगत तीच चालवते.

आणखी गंमत म्हणजे या बडी रिचला नोटेशन वाचता येत नसे. नवी रचना आली की तालमीत दुसरा कुणी ड्रम्सवर बसे, हा ऐके आणि मग स्वतः वाजवी. आपल्या आज्या ओव्या अशाच शिकल्या, कानाने.

त्याच्याही आधीचा चिक वेब. लहानपणी मणक्याला क्षय झाल्याने पाठीला बाक आलेला, उंचीने ठेंगणा. न्यूयॉर्कच्या सॅव्हॉय नृत्यगृहात तो बँडच्या मधोमध उंच चौथऱ्यावर बसून वाजवायचा. १९३५ मध्ये त्याच्या बँडमध्ये एला फिट्झजेराल्ड गायला आली. १९३९ मध्ये वेब गेला, तेव्हा बँड तिच्या नावाने चालू लागला. ती तेव्हा जेमतेम बावीस वर्षांची होती.

आता आपल्याकडे येऊ. ठुमरी म्हटलं की शोभा गुर्टू आठवतात. बेळगावात जन्मलेल्या, पूर्वाश्रमीच्या भानुमती शिरोडकर. त्यांचा मुलगा त्रिलोक गुर्टू मुंबईत जन्मला, तबला शिकला आणि पुढे जगभर ड्रम्स-तबला एकत्र वाजवू लागला. जॉन मॅक्लॉफ्लिनबरोबर लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये १९८९ मध्ये झालेल्या मैफलीचं रेकॉर्डिंग मिळवून ऐकाच. जमिनीवर बसकण मारून वाजवणारा हा माणूस पाण्याच्या बादलीत घंटा बुडवूनही सूर काढतो. १९८८ च्या त्याच्या ‘उसफ्रेत’ या पहिल्या अल्बममध्ये आईचा आवाज आहे. पुढे २०११ मध्ये ‘ट्वेंटी वन स्पाइसेस’ आला. हॅम्बुर्गच्या एनडीआर रेडिओचा अख्खा बिग बँड, आणि त्यावर नाव आपल्या या तालवाल्याचं.

मला यात महत्त्वाची वाटते ती ठुमरी. ठुमरीच्या अखेरीला लग्गी लागते, तेव्हा गायिका बोल धरून थांबते आणि तबलजी मोकळा सुटतो. एरवी बाजूला बसलेल्या तालाला पुढे येऊ द्यायचं, ही रीत त्रिलोकच्या आईच्या गाण्यातच होती.

मग मुलींना ताल का नाही? आमच्या भागात शिमग्याला पालखीपुढे खालूबाजा वाजतो. त्यात ढोल बाईच्या गळ्यात मी तरी पाहिलेला नाही. जाखडीत मृदंगवाला मधोमध असतो आणि नाचणारे त्याच्याभोवती फिरतात. अगदी चिक वेबसारखाच तो मध्यावर. तिथेही पुरुषच. आणि त्याच गावातल्या बाया गौरीला फुगड्या घालताना पायांनी, तोंडाने असा ठेका धरतात की बघत राहावं. अष्टमीला घागर फुंकताना तर श्वासच ताल होतो. अंगात लय आहे, हातात वाद्य नाही.

ओळखीतल्या एका मुलीला तबला शिकायचा होता. क्लासमध्ये तिच्या आईला सांगितलं, ‘‘वहिनी, हिला पेटी शिकवा, तबल्याने बोटं राठ होतात.’’ भांडी घासून, नारळ सोलून राठ होतात ती चालतात वाटतं! मुंबईच्या डॉ. आबान मिस्त्रींनी आयुष्यभर तबला वाजवला, तबला-पखवाजाच्या घराण्यांवर ग्रंथ लिहिला. बडी रिचबरोबर १९६८ मध्ये ज्यांनी रेकॉर्ड केली, त्या अल्लारखाँसाहेबांची शिष्या अनुराधा पाल यांनी १९९६ मध्ये ‘स्त्री शक्ती’ हा फक्त बायकांचा संच उभा केला, आणि त्याचं नेतृत्व तबल्याकडे आहे. अमेरिकेत व्हायोला स्मिथ या ड्रमर बाईने १९४२ मध्ये, युद्धामुळे पुरुष वादक कमी पडत असताना, मासिकात लेख लिहून विचारलं होतं की मुलींना संधी का देत नाही? ती १०७ वर्षं जगली. बोटं राठ झाल्याची तक्रार तिने केल्याचं काही ऐकिवात नाही.

पुण्यात ढोलपथकांत मुली कमरेला ढोल बांधून तासन् तास वाजवतात, तेव्हा ‘वजन झेपत नाही’ हेही कारण उरत नाही. मुख्याध्यापकांना आणि विशेषतः बाईंना माझं म्हणणं एवढंच : २६ जानेवारीच्या लेझीमला मुली नाचणार आणि ढोल मुलगा वाजवणार, हे यंदा बदला. तालीम डिसेंबरात सुरू होते. ढोल जड वाटला तर पट्टा आखूड करून घ्या, आणि दोघींना आळीपाळीने वाजवू द्या.