कागद होता, पुरावा कशाचा?

४ एप्रिल २०२१ रोजी दिल्लीहून हाँगकाँगला गेलेल्या एका विमानातील प्रवाशांकडे आरटी-पीसीआर चाचणीचा 'निगेटिव्ह' अहवाल होता. तो नसता तर त्यांना विमानात चढूच दिले नसते. हाँगकाँगला उतरल्यावर सक्तीच्या विलगीकरणात त्यांची पुन्हा पुन्हा तपासणी झाली, तेव्हा एकामागून एक सुमारे पन्नास जण बाधित निघाले. त्याच महिन्यात हाँगकाँगने भारतातून येणारी विमाने थांबवली.

हे सारे अहवाल बनावट होते असे मानण्याचे कारण नाही. चाचणी सांगते ती नाकाघशातून नमुना घेतला त्या क्षणाची गोष्ट. संसर्ग झाल्यावर विषाणू चाचणीत सापडण्याइतका वाढायला काही दिवस जातात. तोवर अहवाल 'निगेटिव्ह'च येणार. शिवाय नमुना दिल्यानंतरचे ७२ तास माणूस घरात कोंडून बसलेला नसतो. तो सामानाची खरेदी करतो, नातेवाइकांचा निरोप घेतो, विमानतळावरच्या गर्दीत उभा राहतो. एप्रिल २०२१ च्या दिल्लीत यातले काहीही जोखमीचे होते. अहवालाने धोका कमी होत होता, संपत नव्हता. सरकारांनी मात्र तो कागद म्हणजे जणू निरोगीपणाचा दाखला असल्यासारखे नियम बेतले, आणि प्रवाशांनीही तसेच समजून मुखपट्टी हनुवटीखाली ओढली.

प्रवासासाठी आरोग्याचा कागद मागणे मुळात चुकीचे नाही. आफ्रिका वा दक्षिण अमेरिकेतील ठरावीक देशांत जाणाऱ्या-येणाऱ्यांना पिवळ्या तापाच्या लशीचे पिवळे कार्ड ठाऊक असते. त्या देशांतून कार्डाविना भारतात येणाऱ्याला सहा दिवस विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. हा नियम कडक आहे, पण त्यामागचे कारण स्वच्छ आहे. पिवळा ताप भारतात नाही. तो पसरवणारा एडिस डास मात्र गल्लोगल्ली आहे. एक बाधित प्रवासी इथल्या डासांना चावायला मिळाला तर पुढचे सांगायला नको. या लशीची एक मात्रा आयुष्यभर पुरते, म्हणून जुलै २०१६ पासून कार्डाची मुदतही आयुष्यभराची करण्यात आली. लस घेतल्यापासून दहाव्या दिवशी कार्ड लागू होते, कारण संरक्षण तयार व्हायला तेवढा वेळ लागतो. थोडक्यात, कार्डावरचा प्रत्येक आकडा शरीरात घडणाऱ्या गोष्टीशी बांधलेला आहे. नमुना एकच, आणि तो जगभर चालतो.

मुंबईला तर या विषयाचा इतिहास सव्वाशे वर्षांचा आहे. १८९६ मध्ये शहरात प्लेग आला आणि पुढच्याच वर्षी युरोपीय देशांनी व्हेनिसमध्ये केवळ प्लेगसाठी आंतरराष्ट्रीय परिषद भरवली. चिंता होती ती मुंबईहून निघणाऱ्या जहाजांची. हाफकिन यांनी याच शहरात प्लेगची लस तयार केली आणि ती टोचून घेतल्याचा दाखला दाखवणाऱ्यांना काही निर्बंधांतून सूट मिळू लागली. दाखला आला की सवलत येते, आणि सवलत आली की दाखल्याचा बाजारही. करोनाकाळात युरोपोलने फेब्रुवारी २०२१ मध्ये बनावट चाचणी अहवालांबाबत इशारा दिला. पॅरिसच्या विमानतळावर असे अहवाल १५० ते ३०० युरोंना विकणारी टोळी आधीच पकडली गेली होती.

करोनाच्या लशीबाबत जागतिक आरोग्य संघटनेच्या आपत्कालीन समितीने जानेवारी २०२१ मध्येच सांगितले होते की, परदेश प्रवासासाठी लसीकरणाच्या पुराव्याची अट घालू नका. लस प्रसार कितपत रोखते हे तेव्हा स्पष्ट नव्हते आणि जगातील बहुसंख्यांना लस मिळालेलीच नव्हती. हा सल्ला फार थोड्यांनी ऐकला.

त्यातून काय घडले याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे कोविशिल्डवरून झालेला वाद. पुण्यात तयार झालेल्या या लशीच्या ५० लाख मात्रा ब्रिटनने स्वतःच्या नागरिकांसाठी नेल्या होत्या. तरीही सप्टेंबर २०२१ मध्ये ब्रिटनने जाहीर केलेल्या नियमांनुसार भारतात हीच लस घेतलेला प्रवासी लस न घेतलेल्यांत मोजला जाणार होता. त्याने दहा दिवस विलगीकरणात राहायचे होते. टीका झाल्यावर लशीला मान्यता मिळाली, पण आता अडचण प्रमाणपत्राची असल्याचे सांगण्यात आले. कोविनच्या प्रमाणपत्रावर वय होते, पूर्ण जन्मतारीख नव्हती. भारताने ती छापण्याची सोय केली. तरीही तिढा सुटेना, तेव्हा ४ ऑक्टोबरपासून भारतानेही ब्रिटिश प्रवाशांवर दहा दिवसांचे विलगीकरण लादले. ११ ऑक्टोबरपासून ब्रिटनने भारतीय प्रमाणपत्र मान्य केले आणि १३ ऑक्टोबरला भारताने आपला निर्बंध मागे घेतला. त्या दहा दिवसांत विषाणूत, लशीत किंवा प्रवाशांच्या रक्तातील प्रतिपिंडांत काहीही बदलले नव्हते. जे बदलले ते दिल्ली आणि लंडनचे मन. आरोग्याच्या नावाने घातलेली अट जशास तसे या न्यायाने घालता येते आणि उठवताही येते, तेव्हा तिचा आरोग्याशी संबंध किती, हा प्रश्न दोन्ही सरकारांना विचारायला हवा होता.

कोव्हॅक्सिन घेतलेल्यांचे हाल याहून लांबले. जागतिक आरोग्य संघटनेची आपत्कालीन वापराची मान्यता तिला ३ नोव्हेंबर २०२१ रोजी मिळाली. तोपर्यंत आखातात नोकरी असलेले अनेक जण लस घेऊनही घरी अडकले होते, आणि अमेरिकेतील काही विद्यापीठांनी विद्यार्थ्यांना दुसरी, मान्यताप्राप्त लस पुन्हा घ्यायला सांगितले.

कागदाने वैद्यकालाच वाकवल्याचे उदाहरण घरचेच आहे. मे २०२१ मध्ये कोविशिल्डच्या दोन मात्रांतील अंतर १२ ते १६ आठवडे करण्यात आले. अंतर वाढले की संरक्षण चांगले मिळते, हे त्यामागचे सांगितलेले कारण. जून उजाडला आणि परदेशी शिकायला वा नोकरीला जाणाऱ्यांना तसेच टोक्यो ऑलिम्पिकच्या चमूला २८ दिवसांनंतर दुसरी मात्रा घेण्याची मुभा मिळाली. मुंबईत या विद्यार्थ्यांसाठी कस्तुरबा, कूपर आणि राजावाडी रुग्णालयांत खास सोय झाली. विद्यार्थ्यांची निकड खरी होती आणि मुभा देण्याचा निर्णय माणुसकीचा होता. पण तोच डोस लवकर मिळावा म्हणून घरातले सत्तरीचे आजोबा रांगेत उभे राहिले तर त्यांना परत पाठवले जात होते, हेही तितकेच खरे.

या सगळ्याचा खर्च कोणी सोसला? आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावलीच्या ४० व्या कलमानुसार प्रवाशाची आरोग्यस्थिती ठरवण्यासाठी केलेली तपासणी आणि त्याच्यावर लादलेले विलगीकरण यांचे पैसे सर्वसाधारणपणे प्रवाशाकडून घ्यायचे नसतात. कायम वा तात्पुरत्या वास्तव्यासाठी येणाऱ्यांचा अपवाद आहे. प्रत्यक्षात ब्रिटनने हॉटेलातील सक्तीच्या मुक्कामाचे १,७५० पौंड आकारले. भारतात मे २०२० मध्ये 'वंदे भारत' विमानांनी परतलेल्यांना संस्थात्मक विलगीकरणाचे सात दिवस स्वखर्चाने काढावे लागले. संयुक्त अरब अमिरातीने ४८ तासांच्या अहवालाखेरीज उड्डाणाआधी काही तासांत झटपट चाचणी सक्तीची केली, तेव्हा मुंबई विमानतळावर तिचा दर ४,५०० रुपये होता. राज्य सरकारने प्रयोगशाळेतील साध्या आरटी-पीसीआरची कमाल किंमत ५०० रुपयांवर आणली होती, त्या काळातली ही गोष्ट. झटपट यंत्र वेगळे, त्याचा खर्च जास्त, हे मान्य. पण चिपळूण-खेडहून मुंबई गाठून दुबईला मजुरीसाठी निघालेल्या माणसाला पर्याय कोणता होता? डिसेंबर २०२१ मध्ये तो दर ३,९०० रुपये झाला, इतकाच दिलासा.

नियम बदलण्याचा वेग हा आणखी एक जाच. ओमायक्रॉनची बातमी येताच ३० नोव्हेंबर २०२१ रोजी महाराष्ट्राने केंद्राहून कडक नियम काढले. केंद्राने आक्षेप घेतला आणि दोन दिवसांत राज्याला ते बदलावे लागले. मधल्या काळात जे विमानात बसले होते त्यांनी कोणता आदेश पाळायचा? आधी भरायचा 'एअर सुविधा' अर्ज नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला, जानेवारीत चीन, जपान आदी सहा ठिकाणांहून येणाऱ्यांसाठी परतला आणि फेब्रुवारीत पुन्हा गेला.

आज हे उगाळण्याचे कारण आहे. २०२४ मध्ये दुरुस्त झालेली आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावली १९ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाली. आरोग्याचे दाखले आता कागदी किंवा डिजिटल, कोणत्याही रूपात देता येतील. अट एवढीच की त्यांची सत्यता पडताळता आली पाहिजे. बनावट अहवालांवर हा चांगला उपाय आहे. पण क्यूआर कोड फक्त इतके सांगतो की दाखला खरा आहे. तो दाखला मागणे शहाणपणाचे आहे का, हे कोणताही कोड सांगत नाही. कोविनसारखी यंत्रणा उभारलेल्या भारताला तंत्राची उणीव नाही. उणीव आहे ती आधी करून ठेवण्याच्या करारांची: कोणत्या देशाचे प्रमाणपत्र कोणत्या नमुन्यात मान्य, जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेली प्रत्येक लस स्वीकारली जाणार की नाही, चाचणीचे पैसे कोणाचे, नियम बदलला तर किती तासांनी लागू. साथ आल्यावर या वाटाघाटी करायला बसले की काय होते, ते ऑक्टोबर २०२१ ने दाखवले.

आणखी एक गोष्ट बहुतेक अहवालांत सुटते. करोनाकाळात प्रवाशाचे कागद प्रत्यक्ष तपासत होता तो विमान कंपनीच्या काउंटरवरचा कर्मचारी. चुकीचा प्रवासी नेला तर भुर्दंड कंपनीला, म्हणून शंका आली की नकार. नावातील स्पेलिंगचा फरक, पासपोर्ट क्रमांकातील एक अंक, अहवालावरची वेळ अस्पष्ट, एवढ्यावरून लोक विमानतळावरून घरी परतले. व्हिसा संपत आलेल्या कामगारासाठी ते एक उड्डाण हुकणे म्हणजे नोकरी गमावणे ठरू शकत होते. त्या कर्मचाऱ्याला वैद्यकाचे शिक्षण नव्हते आणि त्याच्या नकारावर दाद मागायला तिथे कोणी नव्हते. विमानतळांवर केंद्राची आरोग्य कार्यालये आहेत, पण त्यांचे लक्ष मुख्यतः येणाऱ्या प्रवाशांवर असते. निघणाऱ्याची तक्रार तासाभरात ऐकून निर्णय देणारा एक वैद्यकीय अधिकारी प्रस्थान कक्षात बसवण्यासाठी पुढच्या साथीची वाट पाहण्याची गरज नाही.