‘हे आपण मागच्या वेळी पाहिलंच आहे’

शनिवारची सकाळ. चहाचा दुसरा कप झालाय, पेपर वाचून झालाय आणि ‘आज तरी तो लॅपटॉप उघडू नकोस’ असं बायकोचं सांगूनही झालंय. तरी उघडलाय, कारण गेले काही दिवस एक वाक्य डोक्यातून जात नाहीये. वाक्य माझंच आहे. ट्रेनिंग घेताना तासाभरात मी ते चारदा तरी म्हणतो : "हे आपण मागच्या वेळी पाहिलंच आहे."

समोर बसलेल्यांना तेवढं पुरतं. त्यांना मागची वेळ आठवते, नाही आठवली तर शेजारच्याला विचारता येतं. पण त्याच स्लाइड्स वेबवर टाकल्या की हे वाक्य गळून पडतं. स्लाइड्स वर चढतात, आवाज खालीच राहतो. तर आजचा विषय हा, की प्रेझेंटेशन्स वेबवर टाकताना ती एकमेकांना नीट जोडायची. किरकोळ वाटतोय ना? मलाही वाटायचा.

काही वर्षांपूर्वी मी ऑफिसात नव्याने लागलेल्या मुलामुलींसाठी डेटाबेसवर पाच सेशन्स घेतली. पाच शुक्रवार, पाच डेक. दुसऱ्या भागात बॅकअप घेणं, तो खरंच परत चढतो का हे तपासणं, कुठलंही मोठं काम आधी कॉपीवर करून बघणं आणि मग ते तुकड्यातुकड्याने करणं, हे सगळं होतं. चौथ्या भागात जुना डेटा साफ कसा करायचा ते. त्यातल्या अकराव्या स्लाइडवर डिलीटची एक कमांड, मोठ्या अक्षरात, बरोबर मध्यभागी. ती दाखवताना मी अर्थातच म्हणालो, "लाइव्हवर थेट चालवायची नाही हं, का ते आपण मागे पाहिलंच आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या. नंतर पाचही डेकच्या पीडीएफ करून ऑफिसच्या अंतर्गत साइटवर चढवल्या. पाच फायली, एकाखाली एक. झालं आपलं काम!

दीडेक वर्षाने टीममध्ये एक नवा मुलगा आला. त्याला जुना डेटा काढायचं काम मिळालं. त्याने सर्च केलं आणि थेट चौथ्या डेकवर जाऊन पोचला. दुसरा भाग नावाची काही चीज आहे हे कळायला त्याला मार्गच नव्हता. त्याने कमांड उचलली, टेबलचं नाव बदललं आणि शुक्रवारी संध्याकाळी लाइव्हवर चालवली. लाखो ओळी, एका फटक्यात. बाकीची कामं त्या लॉकमागे अडकली, ऑर्डर्स तुंबल्या. फोन वाजायला लागल्यावर घाबरून त्याने कमांड मध्येच तोडली. मग डेटाबेस तोवर केलेलं सगळं उलटं फिरवत बसला, त्यात आणखी वेळ. एकूण अडीच तास. डेटा गेला नाही हेच नशीब.

सोमवारच्या मीटिंगमध्ये त्याने लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. "सर, इथे असंच लिहिलंय." आणि खरंच तसंच लिहिलं होतं. पहिल्या स्लाइडवर माझं नाव होतं. त्याचं कन्फर्मेशन तीन महिने पुढे गेलं. मला कोणी काही विचारलं नाही, आणि त्या मीटिंगमध्ये मीही काही बोललो नाही. दोन दिवसांनी मॅनेजरकडे जाऊन बोललो, पण तोवर पत्र निघून गेलं होतं. असो.

तेव्हापासून माझं एक पक्कं मत झालंय. वेबवर टाकलेलं प्रेझेंटेशन कुठून आलं आणि पुढे कुठे जातं हे सांगत नसेल, तर ते अर्धवट आहे. आणि ह्याची जबाबदारी टाकणाऱ्याची आहे, वाचणाऱ्याची नाही.

ह्यातली एक गंमत बघा. पॉवरपॉइंट पहिल्यांदा आलं १९८७ साली, मॅकिंटॉशवर. ते फोरथॉट नावाच्या छोट्या कंपनीचं होतं, मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी ती कंपनी विकत घेतली. पहिली आवृत्ती होती मुख्यतः ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या पारदर्शक शीट्स छापण्यासाठी. म्हणजे मुळातच गृहीत धरलेलं, की शेजारी एक माणूस उभा राहून बोलणार आहे. त्याच वर्षी अ‍ॅपलने हायपरकार्ड आणलं, बिल अ‍ॅटकिन्सनने बनवलेलं. त्यातही स्लाइडसारखीच कार्डं, पण कार्डावर बटण ठेवायचं आणि ते दाबलं की दुसऱ्या कार्डावर, अगदी दुसऱ्या गठ्ठ्यातल्या कार्डावरही जाता यायचं. तिथे जोडणी हाच मुद्दा होता. हायपरकार्डची विक्री २००४ मध्ये बंद झाली. पॉवरपॉइंट राहिलं, आणि त्याबरोबर ‘एकामागून एक’ ही सवयही राहिली. लिंक देण्याची सोय त्यात केव्हाच आली, पण आपण अजूनही शीट्स छापल्यासारखेच डेक बनवतो.

सुटी स्लाइड किती महाग पडू शकते ह्याचं सगळ्यात वाईट उदाहरण आपल्याला माहीत आहे, फक्त आपण ते ह्या अंगाने बघत नाही. १ फेब्रुवारी २००३ ला कोलंबिया यान कोसळलं, कल्पना चावलासह सात जण गेले. उड्डाणाच्या वेळी फोमचा तुकडा पंखावर आदळला होता. यान अजून वर असताना त्याचं विश्लेषण नासाच्या लोकांसमोर स्लाइड्सवरच मांडलं गेलं. त्यातल्या एका स्लाइडवर, अगदी तळाच्या बारीक ओळीत, अंदाजे १९२० घन इंचाचा तुकडा आणि चाचणीतला ३ घन इंचाचा तुकडा अशी तुलना होती. म्हणजे ६४० पट फरक! एडवर्ड टफ्टी ह्यांनी ती स्लाइड उलगडून दाखवली, आणि चौकशी समितीने ऑगस्ट २००३ च्या अहवालात तांत्रिक अहवालांच्या जागी स्लाइड्स वापरण्याच्या सवयीवर बोट ठेवलं. अपघाताची कारणं अनेक होती, स्लाइडमुळे यान पडलं असं कोणी म्हणत नाही. पण स्लाइड म्हणजे मोठ्या गोष्टीचं टोक असतं, आणि त्या मोठ्या गोष्टीपर्यंतची वाट दिसायला हवी, हे त्यातून कळतं.

आपल्याकडे ह्यासाठी एक फार साधा शब्द पूर्वीपासून आहे. शाळेच्या लायब्ररीत मराठी विश्वकोशाचे जाडजूड खंड असायचे. वाईहून निघणाऱ्या ह्या कोशाचा पहिला खंड १९७६ चा. एखादी नोंद वाचून संपली की खाली ‘पहा :’ आणि पुढे दुसऱ्या नोंदींची नावं. एका नोंदीवरून दुसऱ्या खंडात, तिथून तिसऱ्या, आणि तास संपल्याची घंटा. लिंक म्हणजे दुसरं काय असतं हो?

आता कामाचं बोलू. मी स्वतःसाठी काही नियम केलेत.

१. लिंक स्लाइडची द्यायची, नुसत्या डेकची नाही. चाळीस स्लाइड्सच्या फायलीची लिंक देणं म्हणजे पत्ता विचारणाऱ्याला ‘कोथरूडला राहतात’ असं सांगणं. गूगल स्लाइड्समध्ये प्रत्येक स्लाइडची स्वतःची ओळख पत्त्याच्या शेवटी येते, स्लाइड वरखाली सरकवली तरी ती टिकते. पीडीएफच्या पत्त्यामागे पान क्रमांक जोडता येतो आणि ब्राउझर थेट त्या पानावर नेतो. पण मध्ये एक पान घातलं की पुढचे सगळे क्रमांक चुकतात, हे लक्षात ठेवा. रिव्हील-जेएससारखं काही वापरत असाल तर स्लाइडला स्वतः नाव द्या, नंबरावर विसंबू नका. आणि पॉवरपॉइंटमधली लिंक आपल्याच मशीनच्या डी ड्राइव्हकडे बोट दाखवत नाहीये ना, हे चढवण्याआधी बघा. आपल्याकडे ती मस्त चालते, जगात कुणाकडेच चालत नाही.

२. लिंकवर कारण लिहायचं. ‘अधिक माहितीसाठी इथे क्लिक करा’ हे वाचून कोणी क्लिक करत नाही. ‘लाइव्हवर चालवण्याआधी पहा : भाग २, बॅकअप परत चढतो का ते तपासणे’ हे वाचून माणूस निदान थबकतो.

३. जे माहीत नसेल तर नुकसान होईल, ते लिंकमागे लपवायचं नाही. ते तिथेच, त्याच स्लाइडवर, एका ओळीत लिहायचं आणि मग तपशिलाची लिंक द्यायची. अकराव्या स्लाइडवर मी नुसती लिंक दिली असती तरी घाईतल्या मुलाने ती ओलांडलीच असती. हा नियम मला सगळ्यात उशिरा कळला.

४. पाचही भागांचं एकच अनुक्रमणिकेचं पान. मेलमध्ये फिरवायचं ते हेच. आणि प्रत्येक डेकच्या पहिल्या आणि शेवटच्या स्लाइडवर त्या पानाची लिंक.

५. पत्ता बदलायचा नाही. टिम बर्नर्स-ली ह्यांनी १९९८ मध्येच लिहून ठेवलंय, की चांगले पत्ते बदलत नसतात, आणि बदलू शकणाऱ्या गोष्टी पत्त्यात घालूच नयेत. आपण काय करतो? ‘फायनल व्ही ३’, मग ‘फायनल फायनल’. नवी आवृत्ती जुन्याच पत्त्यावर ठेवा. जुनी ठेवायचीच असेल तर तिच्या कपाळावर लिहा, ‘हे जुनं आहे, नवं इथे पहा’.

ह्यावर एक मित्र म्हणाला, "एवढं कशाला, पाचही डेक एकत्र करून टाक ना." दोनशे स्लाइड्सच्या फायलीत शिरलेला माणूसही सर्चने मधेच उतरतो, त्याने मागचं वाचलेलं नसतंच. दुसरा म्हणाला, "हल्ली लोक चॅटबॉटला विचारतात, तुझे डेक उघडतं कोण?" अहो, मग तर जास्तच गरज आहे! बॉटनेही माझी अकरावी स्लाइड तेवढी उचलली, तर इशारा त्याच स्लाइडवर असलेला बरा नाही का?

त्या घटनेनंतरच्या एका रविवारी मी पाचही डेक घेऊन बसलो. ‘मागे पाहिलंच आहे’ असं जिथे जिथे तोंडी म्हणायचो, अशी एकोणीस ठिकाणं सापडली. सगळं जोडायला साधारण चार तास लागले. चार तास! त्या मुलाचे तीन महिने गेले होते.

तुम्हीही एक करून बघा. वेबवर टाकलेलं तुमचं एखादं प्रेझेंटेशन मधूनच कुठल्या तरी स्लाइडवर उघडा आणि आपण हे कधी पाहिलेलंच नाही असं समजून वाचा. काय काय सुटलंय ते दिसेल. सापडलं की मला जरूर कळवा. मी तोवर लॅपटॉप मिटतो, बायकोने तिसऱ्यांदा हाक मारलीये :-)