दगड जागेवरच राहू द्या

दायमाबादचं नाव आपल्यापैकी थोड्यांनीच ऐकलं असेल. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेकाठी हे ठिकाण. तिथं १९७४ साली छबू लक्ष्मण भिल झुडपाचं खोड खणून काढत होते, तर मातीखाली काशाचा हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जुंपलेला रथ लागला. रथात माणूस उभा. चारही मिळून साठ किलोंहून जास्त वजन. त्यांच्या वयावरून जाणकारांत वाद आहे, बरेचजण चार हजार वर्षांच्या आसपास धरतात. वस्तू शहरात गेल्या.

आता संग्रहालयवाले म्हणतात, पुरातत्त्व लोकांपर्यंत नेलं पाहिजे, गोष्टीरूपात सांगितलं पाहिजे. बरोबर आहे. पण लोक म्हणजे तिकीट काढून बघणारेच का? ज्यांनी खणलं त्या छबू भिलांची गोष्ट कोण सांगणार?

हे आत्ताच का लिहितो, तर वनहक्काचे दावे. 'पुरावा नाही' एवढा शेरा मारून आपले किती कागद परत आले! २००८ च्या नियमांतला नियम १३ वाचा. जुन्या विहिरी, दफनाच्या जागा, देवस्थानं हा पुरावा धरायचा आहे. म्हाताऱ्या माणसांचं लिहून घेतलेलं म्हणणं हाही पुरावा (सांगणारा स्वतः दावेदार नको, एवढं बघा). एकाहून जास्त पुरावे लागतात. म्हणजे वाघदेवापाशी बसून आजी सांगते, देव कुणी मांडला, पहिलं खाचर कुणी काढलं, ती नुसती पोरांना झोपवायची गोष्ट नाही.

मागं एका पाड्यावर जीप आली. कोरलेला दगड बघून साहेब म्हणाले, जिल्ह्याला नेऊ, नीट राहील. म्हाताऱ्यांनी साफ नाही सांगितलं, ते बरंच केलं. आज तो दगड खाचराच्या बांधाशी उभा आहे, म्हणून आपल्या बाजूनं बोलतो. उद्या काचेआड गेला की खाली 'आदिवासी कला' अशी पाटी लागेल, अन् दाव्याच्या चौकशीला आलेल्या माणसाला बांधाशी नुसता खड्डा दिसेल.

अभ्यासकांशी आमचं भांडण नाही. त्यांनी यावं, मापं घ्यावीत, फोटो काढावेत, वय कसं मोजतात ते आपल्या पोरांना शिकवावं. पोरांना हवंच आहे ते. फक्त बैठक ग्रामसभेत व्हावी, आणि लिहिलेल्याची एक प्रत ग्रामसभेच्या दप्तरात राहावी.

येत्या बैठकीला प्रत्येक पाड्यानं दोन म्हातारी माणसं आणि एक कोरी वही आणावी. लिहिणारी पोरं संघटना देईल.