जागा कमी, माणसं फार

देवरूख स्टँडवर गणपतीत एस.टी. खच्चून भरते, पण कंडक्टर तिकिटांचा लिलाव करत नाही. बिटकॉइनमध्ये मात्र तोच होतो. साधारण दर १० मिनिटांनी एक ब्लॉक निघतो, त्यात मावतील तेवढेच व्यवहार जातात. जास्त शुल्क देईल तो आधी, बाकीचे ताटकळत. डिसेंबर २०१७ मध्ये सरासरी शुल्क ५० डॉलरच्याही वर गेलं होतं! शंभर डॉलर पाठवणाऱ्याने काय करायचं, सांगा?

ब्लॉक मोठा करावा, तर सगळी खतावणी सांभाळायला दांडगी यंत्रं लागणार, आणि ती मोजक्यांनाच परवडणार.

इथेरियमवरही अशीच कोंडी. २०१७ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या मॅटिकने, म्हणजे आजच्या पॉलिगॉनने, तिच्यासाठी स्वस्त जोडरस्ता काढला. जानेवारी २०२२ मध्ये सनफ्लॉवर फार्मर्स या एका खेळाने तोही तुंबवला.

थोडक्यात काय, रस्ता वाढला की गर्दीही वाढते. म्हणून 'बँकेशिवाय, सर्वांसाठी' असं कोणी म्हणालं की मी वेग विचारत नाही. गर्दीत मागे कोण राहणार, एवढंच विचारतो. लिलावात मागे राहतो तो कमी पैसेवालाच. आणि हे सगळं त्याच्याच नावाने चाललंय म्हणे!