बायोकेमिस्ट्री : फी किती, मोल किती?



बारावीचा निकाल लागला की आपल्या सल्ला केंद्रांवरची गर्दी बदलते. एरवी पोटगी, मारहाण, रेशनकार्ड असे प्रश्न घेऊन येणाऱ्या बायका या दिवसांत मुलीची गुणपत्रिका घेऊन येतात. मुलगी विज्ञान शाखेची असेल आणि ‘नीट’मध्ये मार्क कमी पडले असतील, तर एक शब्द हमखास कानावर पडतो : बायोकेमिस्ट्री. डॉक्टरकी नाही तर निदान त्याच्या जवळपासचे काहीतरी! आई विचारते, “ताई, फी परवडेल का?” प्रश्न रास्त आहे, पण अर्धाच आहे. त्या फीच्या बदल्यात मुलीच्या हाती काय पडणार, आणि किती वर्षांनी पडणार, हे विचारायला कुणी धजत नाही.

आधी फीचेच पाहू. कॉलेज अनुदानित आहे का, एवढे विचारून भागत नाही. तो विषय, ती तुकडी अनुदानित आहे का, हे विचारावे लागते. एकाच इमारतीत खालच्या मजल्यावरचे रसायनशास्त्र अनुदानित आणि वरच्या मजल्यावरची बायोकेमिस्ट्री विनाअनुदानित, हे आपल्याकडे सर्रास दिसते. विद्यापीठ तेच, पदवीचा कागद तसाच, फी मात्र कित्येक पट. शिक्षकांचा पगार सरकार देत नाही, तो मुलींच्या फीतून निघतो. आणि अनेकदा शिकवणारी बाईसुद्धा तासिकेवर राबणारी, आपलीच एखादी उच्चशिक्षित मैत्रीण असते.

या विषयाचा खरा खर्च प्रयोगशाळेत आहे. एन्झाइम, रसायने, सेंट्रिफ्यूज, स्पेक्ट्रोफोटोमीटर यांतले काहीच स्वस्त नाही. म्हणून माहितीपुस्तिकेतल्या चकचकीत फोटोंपेक्षा तिसऱ्या वर्षाच्या मुलींना गाठा. प्रॅक्टिकल स्वतःच्या हाताने करता, की दहाजणी मिळून एकीच्या खांद्यावरून पाहता? शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट कॉलेजातच होतो, की बाहेरच्या खासगी लॅबला वेगळे पैसे मोजावे लागतात? कमी फीच्या कॉलेजात चांगली प्रयोगशाळा असू शकते आणि महागड्या कॉलेजात नुसत्या काचेच्या कपाटांची रांग.

आता एक गोष्ट जी अजून बऱ्याच घरांपर्यंत पोचलेली नाही. जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने निर्णय घेतला : आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातील ज्या मुलींच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. अट अशी, की प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नव्हे. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींसाठी वेगळी शिष्यवृत्ती आधीपासून आहे. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. विनाअनुदानित बी.एस्सी. बायोकेमिस्ट्रीची पूर्ण फी भरणाऱ्या मुलीला कदाचित बी.फार्म. स्वस्त पडेल. बी.फार्म.मध्येही बायोकेमिस्ट्री शिकवतातच! पण ‘फार्मसी महाग असते’ ही जुनी समजूत घरात पक्की असल्याने तो अर्ज भरलाच जात नाही. अर्थात वसतिगृह, मेस, एस.टी.चा पास हा खर्च माफीत धरलेला नाही, आणि खेड्यातल्या मुलीचे शिक्षण बहुधा तिथेच अडते.

आणि मोल? नुसत्या तीन वर्षांच्या पदवीवर पॅथॉलॉजी लॅबमध्ये किंवा औषध कंपनीच्या तपासणी विभागात काम मिळते, पण पगार तुटपुंजा. लॅबमध्ये तर रिपोर्टखाली सही डॉक्टरांची, आणि रक्त काढण्याच्या कामाला डी.एम.एल.टी. झालेली मुलगी आधी घेतात. बायोकेमिस्ट्रीला खरे मोल येते ते एम.एस्सी.नंतर. सी.एस.आय.आर.-यू.जी.सी.च्या परीक्षेतून फेलोशिप मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासून पहिल्या दोन वर्षांसाठी दरमहा ३७,००० रुपये मिळतात. या फेलोशिपच्या वयोमर्यादेत स्त्रियांना पाच वर्षांची सूट आहे. पीएच.डी.साठी २०१६च्या नियमांनी स्त्रियांना दोन वर्षे जादा आणि २४० दिवसांची बाळंतपण-संगोपन रजा दिली. हे हक्क कागदावर आहेत, पण पहिल्या वर्षाला प्रवेश घेताना ते मुलीला कोण सांगते?

म्हणजे हिशेब असा : पहिली तीन वर्षे नुसता खर्च, फळ पाचव्या-सहाव्या वर्षी. आणि नेमका त्याच सुमारास घरच्यांचा धीर सुटतो. ‘ग्रॅज्युएट झाली, आता बघायला सुरुवात करू.’ नव्या शैक्षणिक धोरणाने तीन किंवा चार वर्षांची पदवी असा पर्याय दिला आहे. २०२४-२५ पासून तो राज्यातल्या संलग्न कॉलेजांतही आला. चौथे वर्ष केले तर पुढची एम.एस्सी. एका वर्षात होऊ शकते. पण मुलींच्या बाबतीत ‘तीन वर्षांनी बाहेर पडता येते’ या वाक्याचा अर्थ ‘तीन वर्षांनी बाहेर काढता येते’ असा लावला जाईल, अशी मला धास्ती वाटते. इंजिनियरिंगला गेलेल्या भावाला तिसऱ्या वर्षी ‘पुरे आता’ म्हणाल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

या विषयात आपल्याला एक मोठी वडीलधारी आहे. कमला भागवत, पुढच्या कमलाबाई सोहोनी, दुर्गाबाईंची बहीण. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची ही हुशार पदवीधर बंगळूरच्या विज्ञान संस्थेत गेली, तेव्हा सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला. ती हटली नाही, तेव्हा अटी घालून वर्षभर पारखून घेतले. वनस्पतींमधल्या सायटोक्रोम-सीचा शोध लावून तिने १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. पुढे नीरेवर आणि गरिबांच्या आहारावर काम केले, मुंबईच्या विज्ञान संस्थेची संचालकही झाली. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ असलेल्या मुलीला एवढे झगडावे लागले. आपल्या वस्तीतल्या मुलीच्या घरात तर प्रयोगशाळा कशी असते हे पाहिलेलेही कुणी नसते. तिच्या मागे उभे राहायला गट हवा.

तेव्हा यंदा प्रत्येक गटाने आपल्या तालुक्यातल्या आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या कॉलेजांची यादी करावी. बायोकेमिस्ट्रीची तुकडी अनुदानित की विनाअनुदानित, पावतीवरची फी किती आणि पावतीशिवायची किती, एम.एस्सी.ची सोय जवळ कुठे, मुलींच्या वसतिगृहात जागा किती, हे लिहून घ्यावे. अनुदानित कॉलेज सांगत नसेल तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकावा. मागच्या तीन वर्षांत तिथून बाहेर पडलेल्या दोन-चार मुली शोधून, त्या आज कुठे आहेत आणि हातात किती पगार पडतो, हेही विचारावे. आलेली माहिती जिल्हावार पुढच्या अंकात छापू. अंक प्रवेश सुरू होण्याआधी हाती पडायला हवा, म्हणून पत्रे लवकर पाठवा.