आंदणात अंधेरी होती का?
वसाहतकाळाचा इतिहास सातवी-आठवीच्या मुलांना प्रश्नांतून शिकवावा, आणि उपनगरातल्या शाळांना असे प्रश्न दाराशीच मिळतात. 1661च्या तहात मुंबईची बेटे पोर्तुगीजांकडून इंग्लंडच्या राजाला आंदण म्हणून गेली, हे मुलांना पाठ असते. त्या आंदणात अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर होते का? नव्हते. ही गावे शेजारच्या साष्टी बेटातली. तिथे 1739पर्यंत पोर्तुगीज, मग मराठे आणि 1774च्या अखेरीपासून ईस्ट इंडिया कंपनी. नकाशावर बोट फिरवत मुलांनी हे स्वतः शोधले की ते विसरत नाहीत. पुढचा प्रश्न मग त्यांच्याकडूनच येतो: बेटे देताना तिथल्या कोळ्या-भंडाऱ्यांना कोणी विचारले होते? बोरिवलीच्या मंडपेश्वरला तर फळ्याचीही गरज नाही. खाली नाचणाऱ्या शिवाचे शिल्प असलेली लेणी, वर ख्रिस्ती मठाच्या बिनछपराच्या भिंती. आधीचे काय, नंतरचे काय, आणि कशावरून? उत्तर दगडातच आहे, मुलांना तिथे उभे राहू द्यावे. साष्टीतले मराठी बोलणारे ख्रिस्ती स्वतःला ‘ईस्ट इंडियन’ का म्हणवतात, हा त्याहून अवघड आणि म्हणून त्याहून चांगला प्रश्न. गोवा-मंगळूरहून नोकरीसाठी आलेल्या ख्रिस्ती लोकांपासून आपण वेगळे आहोत हे सरकारला दिसावे, म्हणून हे नाव 1887मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात घेतले गेले. नाव कंपनीसारखे वाटले, तरी तोवर ईस्ट इंडिया कंपनी बंद होऊन 13 वर्षे झाली होती.